तारण झालं, मग पुढे काय? आयुष्यभराच्या विश्वासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बावीस वर्षं दृढीकरणाचा (बाप्तिस्म्याचं वचन स्वतःच्या तोंडानं घेण्याच्या तयारीचा) वर्ग घेते. खालचे प्रश्न त्या वर्गात आले, प्रार्थनासभा संपल्यावर चपला शोधताना आले, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडून आले, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवरही आले. मी प्रॉटेस्टंट आहे, त्यामुळे उत्तरं त्या वळणाची आहेत. कॅथलिक भावंडं जिथे वेगळं मानतात, तिथे जमेल तसं सांगितलं आहे.

‘तारण’ म्हणजे नेमकं काय? कशापासून तरायचं?

वर्गातली मुलं हा शब्द पहिल्यांदा बँकेच्या पाटीवर वाचतात, ‘सोने तारण कर्ज’. मग विचारतात, आपणही काही गहाण ठेवतो का? मला हा प्रश्न आवडतो, कारण पवित्र शास्त्रातही सोडवून आणण्याची भाषा आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. पण आपल्या शब्दाचं मूळ ‘तारणे’त आहे, म्हणजे पैलतीराला नेणं. पुरात अडकलेला माणूस स्वतःच्या बळावर पोहत बाहेर येत नाही, त्याला कुणीतरी काढतं.

कशापासून? पापापासून, आणि पापाच्या मागे येणाऱ्या मरणापासून. पाप म्हटलं की लोकांना दारू, चोरी, व्यभिचार आठवतो. ती फळं झाली. मूळ आहे ते देवाकडे पाठ फिरवून आपणच आपले मालक होऊन बसणं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात ठेवा, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. प्रेषित पौल तारणाविषयी तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांना लिहितो, तुमचं तारण झालं आहे. करिंथकरांना लिहिताना ज्यांचं तारण होत आहे अशांत स्वतःला धरतो. रोमकरांना लिहितो, आपलं तारण होईल. झालं, होत आहे, होईल. यातला एकच काळ धरून बसलो की घोटाळे सुरू होतात. फक्त ‘झालं’ धरणारा निर्धास्त होऊन झोपतो आणि फक्त ‘होईल’ धरणारा जन्मभर धास्तावलेला राहतो.

मी कुणाचं वाईट करत नाही, दानधर्म करते. एवढं पुरे नाही का?

आपल्या मातीत हा हिशेब खोल रुजला आहे. पुण्याची बाजू जड झाली की सुटलो. ख्रिस्ती घरांतही तो जिवंत आहे, फक्त पुण्याच्या जागी ‘चर्चला नियमित जातो’ असं लिहिलेलं असतं.

जक्कयाची गोष्ट क्रम लावून वाचा, लूकचा एकोणिसावा अध्याय. मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसला होता. येशू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. आधी पाहुणा घरी आला, तिजोरी नंतर उघडली. येशूनं आधी हिशेब मागितला असता तर तो गृहस्थ झाडावरच राहिला असता.

चौपट परतफेड मात्र झाली, हे विसरू नका. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कर्मांनी नाही, ते देवाचं दान आहे असं सांगून लगेच पुढच्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असं येतं. याकोब तर सरळ म्हणतो, कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. याच मुद्द्यावरून पश्चिमेतली मंडळी सोळाव्या शतकात फुटली होती. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, तर कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. बाकी मतभेद उरले आहेत. तरी एवढ्या जुन्या भांडणात हे वाक्य दोघांच्या तोंडून आलं, याचा मला फार आनंद आहे.

माझा जन्म ख्रिस्ती घरातला. ‘अमुक दिवशी माझं तारण झालं’ अशी साक्ष मला देता येत नाही. मग माझं तारण झालंय का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्यांचे डोळे बहुतेक वेळा भरलेले असतात. सभेत कुणीतरी उभं राहून सांगतं, अमुक सालच्या अमुक तारखेला रात्री आठ वाजता प्रभू माझ्या जीवनात आला. ऐकणारी पंचविशीतली मुलगी विचार करत बसते, माझ्याकडे तर तारीखच नाही.

आपल्याच घरातली तीन माणसं घेऊ.

कवी नारायण वामन टिळक. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. वाचन, वाद, पत्रव्यवहार असं करत १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या गोष्टीला तारीख आहे. पण ती तारीख येण्याआधी कितीतरी वर्षं तुकोबांचे अभंग त्यांच्यात काम करत होते. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. पूल बांधला जात होता तेव्हा देव गप्प बसला होता असं मला म्हणवत नाही.

लक्ष्मीबाई टिळक, त्यांच्या पत्नी. नवऱ्यानं धर्म बदलला, घर फुटलं, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र राहायला आल्या तरी सोवळं पाळून, स्वयंपाकपाणी वेगळं ठेवून. मग एकेक गोष्ट मनातून गळत गेली. जातिभेद त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच टाकला. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. त्यांच्या आयुष्यात कोणता क्षण धरायचा? मला विचाराल तर त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी घेतलं, तिथे मी थांबून राहते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट या दोघांहून वेगळी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे लेकीसह बाप्तिस्मा. परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. जगभर नाव झालं. आणि नंतर त्यांनीच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त आपल्याला गवसला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. आठ वर्षं! एवढी विदुषी, एवढं काम उभं केलेली बाई हे कबूल करते, मग तुम्ही-आम्ही संकोच कशाला करायचा?

तेव्हा तारीख नसेल तर नसू दे. पहाट नेमकी कोणत्या मिनिटाला झाली ते झोपलेल्याला सांगता येत नाही, पण जागा झाल्यावर उजेड आहे की नाही ते कळतं. मी त्या मुलीला उलट विचारते, आज तुझा भरवसा कुणावर आहे? ‘येशूवर’ असं उत्तर आलं की मी तिला तारीख विचारत नाही. ‘आमच्या घराण्यावर’ असं आलं, तर मात्र आम्हाला बसून बोलावं लागतं. पणजोबांनी दुष्काळात मिशनरी साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, यानं पणतीचं तारण होत नाही.

पश्चात्ताप म्हणजे रडायलाच हवं का?

नाही. वळायला हवं. काहीजण रडतात आणि वळत नाहीत, काहीजण कोरड्या डोळ्यांनी वळतात.

बाप्तिस्मा घेतला नाही तर तारण होत नाही का? आणि लहानपणी झालेला चालतो का?

येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला बाप्तिस्मा घेता आला नाही आणि येशूनं त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं. म्हणून पाणी मिळालं नाही तर देवाचे हात बांधले जातात, असं मी मानत नाही. पण तो खिळलेला होता. आपण मोकळे आहोत, आणि प्रभूनं सांगितलेली गोष्ट टाळायला आपल्याकडे सबब नाही. कॅथलिक मंडळी स्नानसंस्काराला तारणाचं दारच मानते आणि त्यावर आमच्याहून जास्त भर देते.

लहान बाळाचा की मोठेपणी? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभारलं, तेव्हा त्यांच्यात दोन्ही मतांची माणसं होती. एकानं दुसऱ्याला खोटं न ठरवता दोन्ही पद्धती ठेवल्या. मला ते शहाणपणाचं वाटतं. बाळपणी बाप्तिस्मा झाला असेल तर दृढीकरणाच्या दिवशी ते वचन स्वतःच्या तोंडानं घ्या, आणि फोटोपुरतं घेऊ नका.

ख्रिस्ताकडे आल्यावर नाव, कुंकू, सण, नातेवाईक, हे सगळं सोडायचं का?

नाव बदलायची गरज नाही. टिळक टिळकच राहिले, रमाबाई रमाबाईच राहिल्या. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं टिळकांनी मंडळीत आणलं, आणि आपलं गीतपुस्तक ‘उपासना संगीत’ उघडलंत तर त्यांची गीतं पानोपानी सापडतील. त्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीतच. ख्रिस्त मराठीत परका नाही.

दुसऱ्या देवाची पूजा मात्र सोडावी लागते. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कुंकू-बांगड्यांवर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत, पण त्यावरून एखाद्या बाईच्या तारणाचा निकाल लावणाऱ्यांचं मी ऐकत नाही. दिवाळीत शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली तर ते प्रेमानं घ्या आणि नाताळात आपल्या करंज्या तिच्याकडे पोचत्या करा. आईवडिलांशी बोलणं तोडू नका. त्यांनी तोडलं तर दार उघडं ठेवा. टिळक पती-पत्नींचा संसार पुन्हा जुळायला वर्षं गेली.

किंमतही सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. दलित घरातला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या मुलांची अनुसूचित जातीची सवलत जाते. हे आधी न सांगता कुणाला बाप्तिस्म्याला उभं करणं मला अप्रामाणिकपणा वाटतो. आणि काही मिळेल म्हणून येणाऱ्याला मी थांबवते. येशूनंही मागे येऊ पाहणाऱ्याला सांगितलं होतं, कोल्ह्यांना बिळं आहेत, पण मला डोकं टेकायला जागा नाही.

एकदा झालेलं तारण गमावता येतं का?

यावर चांगली, अभ्यासू, प्रार्थनाशील माणसं दोन बाजूंना उभी आहेत. एक बाजू योहानाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवते, माझ्या हातातून त्यांना कुणीही हिसकावून घेणार नाही. दुसरी इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात विश्वासातून मागे फिरणाऱ्यांना दिलेला इशारा वाचते. मला दोन्ही वचनं हवीत. घाबरलेल्याला मी पहिलं वाचून दाखवते, मिजाशीत आलेल्याला दुसरं. आणि ‘माझं गेलं असेल का’ या भीतीनं ज्याची झोप उडाली आहे, त्यानं एवढं ध्यानात घ्यावं की देवाला खरोखर सोडून दिलेल्या माणसाला ही भीती सहसा छळत नाही.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. देव कंटाळत नाही का?

येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे पाहा. त्यानं येशूला तीनदा नाकारलं, येशूनं त्याला तीनदा विचारलं, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि पुन्हा कामाला लावलं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कुणी वाचत नाही. पेन्टेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) होऊन गेल्यावर, हजारोंसमोर प्रवचन करून झाल्यावर, अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, भावांच्या पंगतीतून उठला. यरुशलेमहून माणसं आली होती, ती काय म्हणतील याची भीती वाटली. पौलानं सगळ्यांसमोर त्याला खडसावलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे.

पंक्तिभेद! महाराष्ट्रात हे प्रकरण वाचताना माझा जीव कासावीस होतो. प्रभुभोजनाच्या एकाच पेल्यातून पिणारी आपली माणसं सोयरीक जुळवताना हळूच विचारतात, ‘मूळचे कोण?’ शंभर-दीडशे वर्षं ख्रिस्ती असलेल्या घरांत हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. ज्या पापांवर आपण सभांतून ओरडतो त्यांच्या यादीत हे नसतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

तर मुद्दा असा की पडणं आश्चर्याचं नाही. पडल्यावर पेत्रानं पौलाशी वैर धरलं नाही. त्याच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाला ‘प्रिय बंधू’ म्हटलेलं आहे. तुमच्या पापाचं नाव देवापुढे स्पष्ट घ्या, ‘काही चुकलं असेल तर क्षमा कर’ असं मोघम नको. आणि एका भरवशाच्या विश्वासू माणसाला ते सांगा. कॅथलिकांकडे प्रायश्चित्त संस्कारात हे होतं. आमच्याकडे ती वाट जवळजवळ बुजली, आणि एकट्यानं झुंजत अनेकजण थकतात. व्यसन असेल तर डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

प्रार्थना करूनही आजार बरा झाला नाही. माझा विश्वास कमी पडला का?

नाही. ज्यानं तुम्हाला तसं सांगितलं त्यानं चूक केली.

माझे यजमान दोन वर्षं मूत्रपिंडाच्या आजारानं अंथरुणावर होते. डायलिसिसच्या दिवसांत एक गृहस्थ घरी प्रार्थनेला आले आणि जाताना म्हणाले, घरात कुणाचा तरी विश्वास अडतो आहे. त्या रात्री मी स्वतःची झडती घेत जागी राहिले. यजमान गेले. कितीतरी महिन्यांनी पौलाची पत्रं वाचताना मला ती ओळ दिसली, ‘त्रफिम आजारी पडला म्हणून मी त्याला मिलेता येथे ठेवले.’ पौलानं! ज्याच्या हातून देवानं आजारी बरे केले, त्याला आपला सोबती आजारी सोडून पुढे जावं लागलं. तीमथ्याला तर तो पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा निघाला असं कुठेही लिहिलेलं नाही.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मी आजही करते. औषध बंद करू नका. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासाचं माप काढू नका.

पवित्र शास्त्र कुठून वाचायला सुरुवात करू?

मार्कपासून. सोळा अध्याय आहेत, दोन-तीन बैठकांत होतात. मग योहान, मग स्तोत्रं. उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरू करणारे बहुतेकजण लेवीय या पुस्तकात अडकतात. मंडळीत बायबल सोसायटीचं भाषांतर चालतं, त्याची सवय हवीच. भाषा जड वाटली तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल शेजारी ठेवा. रोज पाच अध्याय उरकण्यापेक्षा दहा वचनं वाचून दिवसभर मनात घोळवणं बरं.

प्रार्थना कोरडी वाटते. छताला आपटून परत येते.

तेव्हा उसने शब्द घ्या. स्तोत्र १३ घ्या, ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारं. आपल्या आज्यांना गीतं पाठ होती, शब्द सुचले नाहीत तर त्या गुणगुणत. भाकरी थापता थापता केलेली प्रार्थनाही देव ऐकतो. वेळ ठरवा, पाच मिनिटं का होईना. आणि भावना येईपर्यंत थांबू नका.

मंडळीत नुसती भांडणं आणि निवडणुका. घरी यूट्यूबवर उपासना ऐकली तर?

आजारी असाल, परगावी मराठी मंडळी नसेल, तर जरूर ऐका. नाहीतर या. एका मंडळीत जमिनीच्या वादातून दोन गट वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, तिथे मी होते आणि मलाही निघून जावंसं वाटलं होतं. पण प्रीती, सहनशीलता, क्षमा या गोष्टी पडद्यासमोर शिकता येत नाहीत. तिथे शेजारी कुणी नसतं.

माझे वडील ख्रिस्ताला न ओळखता वारले. त्यांचं काय?

इथे मी हळू बोलते. तारण ख्रिस्तातच आहे असा माझा विश्वास आहे. पण तुमच्या वडिलांच्या शेवटच्या श्वासाशी देव काय बोलला, हे मला ठाऊक नाही आणि कुठल्याही प्रचारकालाही नाही. अब्राहामानं देवालाच विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? वडिलांना त्याच्या हाती सोडा. त्यांनी तुम्हाला दिलेल्या चांगल्या गोष्टींबद्दल उपकार माना.

विश्वासात वाढ होतेय हे ओळखायचं कसं? आणि म्हातारपणी काय वाढायचं राहिलं?

आवाज किती चढतो, उपास किती केले, यावरून नाही. गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ सांगितलं आहे, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढचं सगळं. ‘फळ’ एकवचनी आहे, नऊ वेगळी फळं नाहीत. एक निवडून बाकीची टाकता येत नाहीत. कुणाला विचारायचं तर सुनेला विचारा, घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारा.

वय आड येत नाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठीत भाषांतर करायला घेतलं होतं. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी ते काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तोवर चालू होतं.

आमच्या मंडळीत एक आजोबा आहेत, वय एक्क्याऐंशी. थोरल्या भावाशी बांधावरून भांडण, कोर्टकचेऱ्या, तीस वर्षं अबोला. प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्हीही आपल्या ऋण्यांना’ या क्षमेच्या ओळीला ते गप्प होत. मी मागच्या बाकावर बसत असल्यामुळे मला ते कळायचं. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना सुटल्यावर ते घरी न जाता नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून भावाच्या वस्तीवर गेले. भाऊ अंगणात खाटेवर होता. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नातू सांगतो, दोघांनी चहा घेतला आणि आजोबांनी कपबशी स्वतः विसळून ठेवली. बांध आहे तिथेच आहे. पुढच्या रविवारी मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. त्या ओळीला त्यांचा आवाज होता, जरा कापरा.